मुख्य अर्जदार

इंग्लंडात डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर, गेलेल्या बाईला नोकरी करता येते, हे लातुरात कुणाला खरंच वाटत नाही. सगळ्यांच्या डोक्यात अमेरिका बसलेली. तिथं एच-वन-बी वाल्याची बायको एच-फोरवर जाते आणि घरात बसून राहते, हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. २०१५ पासून तिथंही काही बायकांना कामाची परवानगी मिळू लागली, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका ठराविक टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. इंग्लंडचं तसं नाही. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याचा जोडीदार पहिल्या दिवसापासून जवळजवळ कोणतंही काम करू शकतो. व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा-प्रशिक्षक तेवढं होता येत नाही, आणि माझा तसा काही बेतही नव्हता.

२०२५ च्या पंचमीला माहेरी आले आणि मी नवऱ्यामागचा डिपेंडंट व्हिसा सोडून स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा घेतल्याचं बायकांच्या कानावर गेलं, तेव्हा मावशीनं विचारलेला प्रश्न म्हणूनच रास्त होता. "काम करता येत होतं ना तुला? पगार येत होता ना हातात? मग कशाला केलीस ही उठाठेव?"

पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. दिंडं वाफेवर ठेवली की बायकांचे हातही मोकळे आणि तोंडही. मावशीला मी दोन-तीनदा समजावून पाहिलं, तिचं काही समाधान झालं नाही. इथं सवडीनं सांगते.

डिपेंडंटला कामाचा हक्क असतो, पण तो नवऱ्याच्या नोकरीवर उभा असतो. नवऱ्याची नोकरी गेली की कंपनीनं ते दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवायचं असतं. मग होम ऑफिसचं पत्र येतं, आणि त्या पत्रात साधारणपणे साठ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी दुसरी कंपनी, शोधा, दुसरा व्हिसा घ्या, नाहीतर चालू लागा. ही मुदत त्याच्या एकट्यापुरती नसते, बायको-पोरांनाही तीच. माझी नोकरी शाबूत, शाळेत माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही, मार्चमध्ये मुलांच्या सराव परीक्षा मीच तपासलेल्या, आणि तरी घर आवरायचं. का, तर दुसऱ्याच गावातल्या एका कंपनीनं खर्च कमी करायचं ठरवलं.

हे नियम मला लग्न करून जाताना ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि 'तुमचं पद धोक्यात आहे' असं लिहिलेलं पत्र जेवणाच्या टेबलावर पडलेलं असणं वेगळं. तिकडं नोकरीवरून एकदम काढत नाहीत. आधी हे पत्र देतात, मग सल्लामसलत म्हणून बैठका घेतात, आणि शेवटी जे व्हायचं तेच होतं.

तोवर माझं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. लग्नाआधी मी लातुरात आठवी ते दहावीला गणित शिकवत होते. लातूर म्हटलं की लोक 'लातूर पॅटर्न' म्हणतात. पहाटे उठवलेली पोरं, सराव पेपरांचे गठ्ठे, वेळ लावून सोडवलेली गणितं. त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. खेड्यातल्या किती घरांत त्यामुळं पहिला डॉक्टर झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या शिकवण्यात 'का' या प्रश्नाला वेळ नसतो हेही खरं.

लेस्टरजवळच्या एका शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. म्हणजे वर्गात शिक्षक दुसरेच, मी मागच्या बाकावर दोघा-तिघांना हाताशी धरून बसायचं. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. नववीच्या वर्गातली एक मुलगी एकदा पेन खाली ठेवून म्हणाली, "मिस, वजा गुणिले वजा अधिक का?" लातुरात मी शेकडो मुलांकडून हा नियम घोकून घेतला होता. मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या वहीच्या कडेला ओळीखाली ओळ लिहीत गेले. तीन गुणिले वजा दोन, वजा सहा. दोन गुणिले वजा दोन, वजा चार. एक गुणिले, वजा दोन. शून्य गुणिले, शून्य. "दर ओळीला काय होतंय?" "दोननं वाढतंय." "मग पुढची ओळ?" तिनं वजा एक गुणिले वजा दोन असं स्वतःच लिहिलं, समोर दोन लिहिलं, आणि माझ्याकडं अशी बघितली की मी तिला फसवून खरं बोलायला लावलं असावं. वर्ग घेणारे सर मागं उभे होते. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडं शिक्षिका होतात का?"

इंग्लंडात गणिताच्या शिक्षकांचा वर्षानुवर्षं तुटवडा आहे. शिक्षक म्हणून कायम लागायला तिथं क्यूटीएस नावाची पात्रता असली की बरं पडतं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना, गणित-विज्ञान-भाषा हे विषय अकरा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवणारे असतील तर, आपल्या बी.एड.वर आणि अनुभवावर थेट अर्ज करता येतो. अर्जाला पैसे पडत नाहीत. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर मला आधी शंकाच आली होती.

पैसे पडले नाहीत, पण बाबांचे पाय झिजले. लातूरची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. १९९४ सालचं विद्यापीठ, विष्णुपुरीला. ट्रान्स्क्रिप्टसाठी बाबा एसटीनं नांदेडला गेले, अर्ज दिला, पुन्हा जाऊन घेऊन आले. हे काम तसं सरळ झालं. खरा घोळ झाला तो मी जिथं शिकवत होते त्या संस्थेच्या कार्यालयात. अनुभवाचं पत्र हवं होतं, त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणते वर्ग, कोणता विषय, सगळं स्पष्ट. कार्यालयातले म्हणाले, "मजकूर तुम्हीच लिहून आणा, आम्ही सही करू." बाबांनी मजकूर नेला, तर साहेब लग्नाला गेलेले. मग साहेब आले, तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी शिपायाच्या खिशात. बाबा पेन्शनर माणूस, पण सहीसाठी ताटकळताना त्यांचा आवाज फोनवर लहान मुलासारखा व्हायचा.

त्यात नाव. पदवी माझ्या आणि बाबांच्या नावावर, माहेरच्या आडनावानं. पासपोर्टवर माझ्या नावापुढं नवऱ्याचं नाव आणि त्यांचं आडनाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. ही बाई आणि ती बाई एकच, हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी, वर नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र. लग्नात नाव बदलताना हा खर्च कुणी सांगत नाही. पुढच्या मुलींनी निदान लग्नाचा दाखला तरी लगोलग काढून ठेवावा. आमच्याकडं तो लोक पहिलं बाळ शाळेत जाईपर्यंत काढत नाहीत.

क्यूटीएस मिळालं, आणि सप्टेंबर २०२४ पासून मी त्याच शाळेत गणिताची शिक्षिका झाले. व्हिसा तोच, डिपेंडंट. शाळेला तेच सोयीचं. डिपेंडंट उमेदवार म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फुकटचा हक्कवाला. त्याला स्पॉन्सर करायला नको, फी भरायला नको, होम ऑफिसला काही कळवायला नको. मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं.

नवऱ्याच्या पत्रानंतर मी हेडटीचरकडं गेले. बाई चांगल्या, पण त्यांचाही प्रश्न मावशीचाच. तुम्हाला काम करायचा हक्क आहेच, मग शाळेनं पैसे का भरायचे? मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत तो राहील याची खात्री नाही, आणि तो गेला तर जीसीएसईचा वर्ग कोण घेणार? जीसीएसई म्हणजे त्यांची दहावी-अकरावी, गणिताचे तीन पेपर, त्यातला पहिला कॅल्क्युलेटरशिवाय. बाई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मग त्यांनी शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या एचआरला फोन लावला. माझं नशीब एवढंच की ट्रस्टकडं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला स्पॉन्सर करायचा सरकारी परवाना, होतं. ज्या संस्थेकडं ते नसतं तिचा तुमच्यावर कितीही जीव असो, उपयोग नाही.

मग सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, थोडक्यात सीओएस. नावात सर्टिफिकेट असलं तरी हातात कागद येत नाही, संगणकातली एक नोंद आणि तिचा नंबर. त्या नंबरामागं नोकरीचा कोड, पगार, तारखा. पगाराची अट मी आधीच शोधून ठेवली होती आणि एक रात्र झोप उडाली होती. ४ एप्रिल २०२४ ला सर्वसाधारण मर्यादा २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० केलेली. माझी सुरुवातीची वेतनश्रेणी ३१,६५० ची. दुसऱ्या दिवशी कळलं की शिक्षक, नर्स अशा राष्ट्रीय वेतनश्रेणीवाल्यांना ती मर्यादा लागत नाही, त्यांच्या श्रेणीचा पगार मिळाला की पुरे. माझ्यासारखीच एखादी बाई छोट्या कंपनीत हिशेबनीस असती, तेवढ्याच पगाराची, तर तिचा अर्ज तिथंच संपला असता. २२ जुलै २०२५ पासून तर मर्यादा ४१,७०० झाली, आणि कामाची पातळीही पदवीपर्यंत चढवली.

अर्ज भरायला आम्ही लेकरू झोपल्यावर बसलो. आधी माझा. मग त्याचा, मग लेकराचा. त्याच्या अर्जात एक जागा आली, मुख्य अर्जदाराचं नाव. इतकी वर्षं ती जागा मी भरत होते. तो लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेऊन माझं नाव टाइप करत होता आणि मधलं नाव लिहिताना थांबला, कारण मधलं नाव त्याचंच. "हे लिहू ना?" म्हणाला. "पासपोर्टवर आहे तसं लिही," मी म्हटलं. त्याहून जास्त त्या रात्री आम्ही त्यावर बोललो नाही. त्याला काय वाटलं असेल ते मला कळत होतं आणि मला काय वाटत होतं ते मला नीट कळत नव्हतं.

या अर्जाची एक अट फार वाईट आहे. निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अर्ज मागं घेतला असं धरतात. निकालाला आठ आठवडे लागू शकतात. माणशी पाचशे पौंड जास्तीचे भरले तर पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर देतात, म्हणजे तिघांचे पंधराशे. ज्या घरातला एक पगार थांबलाय त्या घरानं हे पंधराशे भरायचे की नाही? आम्ही नाही भरले. आणि मेच्या शेवटी धाकट्या दिराचं लग्न होतं.

मोठा भाऊ लग्नाला नाही म्हटल्यावर औशाच्या त्या मांडवात काय काय बोललं गेलं ते मला पंचमीला सगळं साग्रसंगीत ऐकायला मिळालं. कुणी म्हणालं, त्याला तिकडं अडकवून ठेवलंय. कुणी म्हणालं, तिकिटाला पैसे नाहीत. एका चुलत सासूबाईंनी तर ठाम सांगितलं होतं की नोकरी गेली, आता बायकोच्या जिवावर राहतोय. त्या बाईंचं दुसरं वाक्य खोटं नव्हतं, कागदाच्या हिशेबानं तर अजिबातच नव्हतं. पण ते ज्या सुरात म्हटलं गेलं असेल तो सूर मला ओळखीचा आहे. बायको नवऱ्याच्या व्हिसावर गेली की 'पोरीनं नशीब काढलं', आणि नवरा बायकोच्या व्हिसावर आला की 'जिवावर'. मी कुणाशी वाद घातला नाही. दिंडं गरम होती, तूप भरपूर होतं.

सासरी गेले तेव्हा मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओट्यावर बसवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. मामा शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते, लाल बिल्ला अजून देवघराच्या कोनाड्यात आहे. त्यांना गप्पांपेक्षा आकडे लागतात. मी सांगत गेले. व्हिसाची फी माणशी ८८५ पौंड, तीन वर्षांची. त्यावर आरोग्याचा अधिभार, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५, लेकराला ७७६, तोही तीन वर्षांचा एकदम आगाऊ. तिघांचे मिळून अकरा हजार पौंडांच्या वर. मामांनी रुपयांत विचारलं. पावणेतेरा लाखांच्या आसपास, मी म्हटलं. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि म्हणाले, "गेल्या सालच्या हमीभावानं दोनशे साठ क्विंटल सोयाबीन झालं की गं. अन् हमीभाव मिळतोय कुणाला!" सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि लातूरच्या बाजारात त्याच्या खालीच सौदे होत होते. नवऱ्याला कंपनीनं जाताना दिलेले पैसे त्या अर्जात जवळजवळ सगळे गेले, हेही मी सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

मग मामा म्हणाले, "म्हंजे असं बघ. सातबाऱ्यावर तुझं नाव इतर हक्कात होतं, आता खातेदारात आलं. अन् त्याचं खातेदारातून इतर हक्कात गेलं."

मावशीला जे मला सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं. इतर हक्कवाल्याला शेतातलं खायला कुणी अडवत नाही. तो पेरतो, काढतो, राबतो. पण खातेदारानं जमीन विकली की त्याच्यावर रस्त्यावर यायची पाळी येऊ शकते. मी मान हलवली तोवर मामांचा पुढचा प्रश्न आला, आणि तो जास्त मुरलेला होता. "अन् बोजा? बोजा कुणाचा चढलाय तुझ्या नावावर?"

बोजा शाळेचा. हे मात्र मी त्यांना सांगताना पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. डिपेंडंट होते तेव्हा उद्या ही शाळा सोडून दुसरीकडं गेले असते तर कुणाला विचारायचं नव्हतं. दुकानात बसले असते, शिकवण्या घेतल्या असत्या, घरी बसले असते. आता शाळा बदलायची तर नव्या शाळेकडं लायसन्स हवं, नवं सर्टिफिकेट हवं, नवा अर्ज, नवी फी. शाळेनं काढलं तर ते साठ दिवस आता माझ्या नावानं येणार, आणि नवरा-लेकरू माझ्यामागं. मामा म्हणाले, "मंग मोकळा तोच झाला की!"

आणि झालंही तसंच. तो मुख्य अर्जदार असताना लायसन्सवाली आणि त्या पगाराची कंपनी शोधत फिरत होता. अर्जाच्या पहिल्याच पानावर 'तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का' हा प्रश्न असतो, 'हो' म्हटलं की पुष्कळ ठिकाणी पुढचं पान उघडतच नाही. माझा डिपेंडंट झाल्यावर त्यानं त्याच प्रश्नाला 'नाही' लिहिलं, आणि काही आठवड्यांत एका लहानशा कंपनीत लागला. पगार आधीपेक्षा कमी, पण घरापासून बसनं वीस मिनिटं. बाजारात डिपेंडंटला भाव असतो हे मला माझ्या बाबतीत कधी जाणवलं नव्हतं, त्याच्या बाबतीत जाणवलं. मी डिपेंडंट असताना माझ्या नोकरीला लोक 'मिळेल ते काम' म्हणायचे.

तोटा एक मोठा झाला, तो मामांना पटवून देणं जड गेलं. आम्ही अर्ज केला तेव्हा तिथं कायमचं राहण्याची परवानगी मागायला पाच वर्षं सलग एका प्रकारात काढावी लागायची. माझी डिपेंडंट म्हणून गेलेली वर्षं स्किल्ड वर्करच्या पाचांत धरत नाहीत. त्याची स्किल्ड वर्कर म्हणून गेलेली वर्षं माझा जोडीदार म्हणून धरत नाहीत. म्हणजे दोघंही पुन्हा शून्यावर. त्यातच १२ मे २०२५ ला, आमचा अर्ज तिकडं पडून असताना, तिथल्या सरकारनं श्वेतपत्रिका काढली आणि पाचाची दहा वर्षं करायचा विचार मांडला. ज्या घरात दोघांच्याही नोकऱ्या धडधाकट आहेत आणि चौथं वर्ष सरतंय, त्या घरातल्या बाईनं निव्वळ मनाला बरं वाटतं म्हणून व्हिसा बदलू नये, असंच मी सांगेन. आमची गोष्ट वेगळी होती, आमच्याकडं दुसरा रस्ताच उरला नव्हता. आता हे सगळं करून मला बरं वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही. निकालाचा मेल आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते, आणि पहिला फोन मी नवऱ्याला न करता बाबांना केला.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आतून सगळं ऐकत होत्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्याला त्या गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या. पुढं संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करायची, हाक दिली, तेव्हा मामांनी दोन एकर त्यांच्या नावावर केलं. ही गोष्ट आमच्या घरात मामांचा मोठेपणा म्हणून सांगितली जाते, सांगणारेही बहुधा मामाच असतात. त्या दिवशी आत्याबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर झालं म्हणून नांगर काय मी धरला न्हाई. पण त्या सालापासून मालाचं पैसं माझ्यापुढं बसून मोजाय लागले." मामा हसले आणि चहा बशीत ओतायला लागले. नवऱ्यानं पुन्हा स्पॉन्सर शोधावा का, असं मीच त्यांना विचारलं. "कशाला? ऱ्हाऊ दे की तुझ्याखाली. आमी न्हाई का ऱ्हायलो."

त्याच संध्याकाळी आतेभावानं गाठलं. त्याला टूरिस्ट व्हिसावर येऊन तिथंच नोकरी बघून बदलून घ्यायचं होतं. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला देशात राहून स्किल्ड वर्करमध्ये बदलता येत नाही, हे त्याला पटेना, कारण एका एजंटानं त्याला 'सीओएस मिळवून देतो' असं सांगून लाखांतला आकडा लिहून दिला होता. सीओएसची फी कामगाराच्या खिशातून काढायलाच तिथं मनाई आहे. जो ती विकतोय त्याचं लायसन्स आज ना उद्या जाणार आणि घेणाऱ्याचा व्हिसा त्याच्या पाठोपाठ. मी त्याला कडक शब्दांत सांगितलं. त्यानं तोंड पाडलं. बहुधा एजंटालाच पुन्हा विचारेल.

अंबाजोगाईची भाची मात्र वही घेऊन आली होती. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर काम केलेली, लग्न होऊन ऑक्टोबरात नवऱ्यामागं डिपेंडंट म्हणून निघालीय. तिला वाटत होतं, आधी जाऊ, घर लावू, मग बघू. मी तिला सांगितलं, घर लागतं आपोआप. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट आत्ताच काढ, दोन प्रती जास्तीच्या. दवाखान्याचं अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसकट, सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का बघ. इंग्रजीची परीक्षा इथं दे, तिथं गेल्यावर थंडी आणि भांडी यांतून अभ्यास होत नाही. तिथं नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीची आधी संगणकावरची परीक्षा, मग प्रत्यक्ष हातानं करून दाखवायची. पासपोर्टवर नाव कसं घालायचं ते सासरच्यांनी ठरवण्याआधी माझ्याशी बोल.

तिनं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण मावशी, मला व्हिसा बदलायचाच नसला तर?"

"नको बदलू," मी म्हटलं. "कागद काढून ठेव."

सोमवारी ती आणि तिचे वडील नाशिकला निघालेत. मुक्कामाला कुठं उतरायचं तेवढं ठरायचंय.